बुबुच्या घरातून धूर नाही

माझी चूल पहिल्याच दिवशी शंभर टक्के यशस्वी झाली, आणि तिथेच सगळं बिघडलं!

शाळेत शिकवलेल्या मापानेच मी ती बांधली होती. चिकणमाती, काथ्याचा भुसा, तोंड अरुंद, लाकूड खडखडीत वाळलेलं आणि बोटाएवढं चिरलेलं. धूर आतल्या आतच जळून जायचा. माझी आजी, म्हणजे बुबु, चाळीस वर्षं चुलीपुढे खोकतेय, म्हणून मी हट्टाला पेटले होते. त्यात नेई कालेसी, माझी आत्या, महिला मंडळाची अध्यक्ष. ती दुपारी जेवून ठरवणार होती, की अशा चुली दहा घरांना द्यायच्या की माझी माती डुकरांचं कुंपण लिंपायला न्यायची.

सकाळी बुबु खाडीवर गेली आणि मी दालोचे, म्हणजे अळूचे, कंद शिजत घातले. धुराची रेघसुद्धा नाही! मी इतकी खूश, की कोंबड्यांनाही बोलावून चूल दाखवली.

तेवढ्यात शेजारच्या मेरेवालेसी काकू कुंपणाशी आल्या. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कौतुकाने गहिवरल्या.

"बघा ना काकू, बुबु आता सुटली धुरातून," मी म्हटलं.

काकू हुंदका देऊन पळाल्याच!

अर्ध्या तासात अर्धा गाव अंगणात. काळे कपडे, डोक्यावर चटयांच्या गुंडाळ्या, जशा मयताच्या घरी नेतात तशा. गावात रोज पहिला धूर आमचा. आज तो दिसलाच नाही, आणि वर काकूंनी माझं वाक्य घरोघर पोचवलेलं! मी "चूल, चूल" ओरडत होते. बायका मला पोटाशी धरून गप्प करत होत्या.

मागून बुबु आली, हातात खेकडे. तिने शेवटच्या बाईला विचारलं, "कोण गेलं गं?"

"तू," ती बाई रडत म्हणाली, आणि मग तिने वळून पाहिलं.

आणलेल्या चटया परत न्यायच्या नसतात. बुबु सगळ्यांत वरच्या चटईवर बसली आणि मला म्हणाली, "वाढ सगळ्यांना." मीही मागे हटले नाही. एका चुलीवरून सहा पातेली उतरवली! नेई कालेसी दोनदा जेवली.

"चुली मंजूर," ती म्हणाली. "पण विलिमाइना, धूर नसेल तर कोण जिवंत आहे ते कळायचं कसं?"

मंडळाने ठरवलं, की रोज सकाळी नव्या चुलीच्या प्रत्येक अंगणात नारळाची सोडणं पेटवून धूर करायचा. आणि ते काम जिने धूर घालवला तिचं.

आता दहा अंगणं धुरवून मी शाळेत जाते. परवा विज्ञानाच्या बाईंनी माझा गणवेश हुंगला, मला बाजूला घेतलं आणि बिनधुराची चूल कशी बांधतात ते प्रेमाने समजावून सांगितलं.