पडायला शिकलो त्याची गोष्ट

माणसाने बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा गोलकीपर व्हायचं ठरवू नये, आणि ठरवलंच तर बायकोला सांगू नये. मी दोन्ही केलं.

गेल्या वर्षी ऑफिसच्या फुटबॉल सामन्यात चेंडू अडवताना माझा उजवा खांदा मोडला. आत तीन स्क्रू बसले. (चेंडू बाहेरच चालला होता, हे मला शुद्धीवर आल्यावर कळलं.) आठ महिने मी डाव्या हाताने दात घासले, सह्या केल्या, पण डोक्यातून मैदान काही जाईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "खेळा. पण आधी पडायला शिका. मांडी, कंबर, मग कूस. खांदा सगळ्यात शेवटी."

खरं सांगतो, मला खेळायची भीती नव्हती, पडायची होती. पहिल्या संध्याकाळी गादी अंथरली आणि तिच्यापुढे वीस मिनिटं नुसता उभा राहिलो.

"अहो, पडताय की गुंडाळू गादी?" बायको म्हणाली.

पडलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण स्क्रू जागेवर! मग रोजचा नेमच झाला. तिने उशी फेकायची, मी झेप घेऊन पडायचं. तिच्या अंगात कोच संचारला. "पुन्हा! कंबर आधी! कण्हायचं नाही!"

बाराव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक दारात आले. मला बाहेर जिन्यात घेऊन हळूच म्हणाले, "किती दिवस सोसताय?"

"आठ महिने झाले."

"कोणाला बोलला नाहीत?"

"डॉक्टरांना बोललो. ते म्हणाले, रोज पडायची सवय करा."

मुख्याध्यापकांनी कठड्याला धरलं. "आणि... वहिनी?"

"ती बिचारी कामावरून दमून येते, तरी रोज अर्धा तास देते मला."

ते कठडा धरूनच खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून बायको आली की अख्खी लिफ्ट रिकामी होऊ लागली. तिला वाटलं, लोक सुधारले.

दीड महिन्याने सामन्याचा दिवस उजाडला. पूर्वार्धात चेंडू माझ्याकडे फिरकलाच नाही. उत्तरार्धात मात्र समोरचा आडदांड गडी एकटाच चालून आला आणि त्याने चेंडू हाणला तो नेमका माझ्या उजवीकडे. एक क्षण पाय जमिनीत रुतले. मग मीच ओरडलो, "पड!"

मांडी, कंबर, कूस. बोटांना चेंडू लागला, बाहेर गेला. खांदा शाबूत! मी गवतात तसाच पडून राहिलो. डोळे भरून आले होते, उठवेना.

पंच धावत आले. "फार दुखतंय का?"

"नाही हो, आनंद झालाय."

"डोक्याला मार लागलाय," पंच मागे वळून ओरडले. "स्ट्रेचर आणा!"

मी हातपाय झाडले. चार जणांनी ते घट्ट धरले. बायको कडेने ओरडत होती, "अहो सोडा त्यांना, ते घरीही रोज असेच पडतात!" त्यावर पंचांनी स्ट्रेचर जास्तच जोरात पळवायला सांगितलं.

माझ्या जागी आमच्या हेडक्लार्कना उभं केलं. वय सत्तावन्न, घेर दीड माणसाचा, जन्मात चेंडूला हात लावलेला नाही. त्यांनी उरलेल्या वेळात चार गोल अडवले. एकदाही न पडता.