पुंजाजीचं सातवं खुराडं

पुंजाजी माळ्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. वैशाखातली भर दुपार होती. शाळामास्तर म्हणून नुकताच अमरावतीत आलेला मी, भाड्याच्या घराच्या मागच्या दारात उभा राहून पाणी पीत होतो. शेजारच्या आवारात बांबूचं एक खुराडं होतं आणि त्यातून दोन काळे, भेगाळलेले पाय गुडघ्यापर्यंत बाहेर आले होते. पाय हलत नव्हते. मी तांब्या टाकला आणि कुंपणावरून उडी मारली. मास्तराने धोतर नेसून कुंपण ओलांडू नये, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. फाटलेलं धोतर सावरत मी ते पाय धरून ओढले, तेव्हा आतून आवाज आला.

"कोन हाये बे? थांब ना थोडा! मले सोसते का पाहू दे."

थोड्या वेळाने घामाने निथळणारा साठीचा एक म्हातारा रांगत बाहेर आला. आधी त्याने स्वतःच्या नडग्यांवर हात फिरवला, "पाय तापले" असं पुटपुटत मान हलवली आणि मग माझ्याकडे पाहिलं. सशांसाठी नवं खुराडं बांधलं की ससे आत सोडण्याआधी हा गृहस्थ भर उन्हात स्वतः आत जाऊन पडायचा. मी कारण विचारलं, तर उलट माझीच कीव केली.

"मास्तर ना तुमी? मंग इतकं कळत नाई? मले जे सोसत नाई, थे सशाले कसं सोसन?"

ती कापसाची वर्षं होती. दूर कुठे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत ज्वारीच्या कण्या खाणाऱ्यांचे बैल शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून हिंडू लागले. ज्याच्या त्याच्या ओसरीवर कापूस, माळ्यावर कापूस, कापसापायी लोकांनी देवघरं हलवली. नाकात कापूस, डाळीत कापूस. माझी बायको म्हणायची की आता पोळी लाटली तरी वातच निघेल.

या सगळ्या गावात एकच आवार असं होतं, जिथे कापसाचं बोंडही नव्हतं, आणि ते नेमकं कापसाच्या बाजाराला लागून, मुंबईला जाणाऱ्या गाडीवाटेच्या कडेला होतं. तिथे पुंजाजी वांगी, मेथी आणि ससे वाढवायचा. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे विलायती ससे होते ते. "मुंबईहून आणले एकानं," एवढंच तो सांगायचा आणि लगेच मेथीकडे वळायचा. फाटकात जाणाऱ्याला तो आधी अडवायचा. "कापूस थ्या बाजूनं!" असं ओरडून धोतर झटकायला लावायचा, खांद्यावरचं तूस स्वतः वेचून रस्त्यावर टाकायचा आणि मगच आत घ्यायचा. मामलेदार कचेरीतल्या कारकुनालाही त्याने एकदा पगडी झटकायला लावली होती. तो कारकून पुन्हा वांगी घ्यायला आला नाही, आणि पुंजाजीचं त्यावाचून काही अडलं नाही.

कापसावरच्या या रागाचं एक कारण मला लवकर कळलं. आमच्याकडे जनावर म्हटलं की सरकी. बैलाला सरकी, म्हशीला सरकी, पाहुण्याचा बैल आला तर त्याला दोन मुठी जास्त. पुंजाजीनेही पहिल्या हिवाळ्यात मोठ्या मायेने सशांना सरकी भिजवून चारली. ससे फुगले. तीन पिल्लं गेली. तेव्हापासून सरकीचा दाणा दिसला की तो विंचू दिसल्यासारखा चप्पल उचलायचा.

खुराडं बांधायचं तर लाकूड हवं, आणि गावातले सगळे सुतार गाड्या करण्यात गुंतलेले. फळी मागायला गेलं की सुतार असा पाहायचा, जणू त्याची लेकच मागितली. पुंजाजीने फळीचा नाद सोडला. "फुकटात जे भेटते, थे घराले लागते," म्हणून त्याने पहिलं खुराडं तुरीच्या तुराट्यांचं विणलं. सुबक, घट्ट, बुरडाला लाजवेल असं. सशांनी ते दोन दिवसांत खाऊन टाकलं. पुंजाजीने त्यातही आनंद मानला. "पाहा, घरबी झालं, जेवनबी झालं!"

दुसरं मातीच्या भिंतींचं केलं, ते उन्हाने तडकलं. तिसरं बांबूचं, त्यात मुंगूस शिरलं. चौथ्याला त्याने मोडक्या गाडीची दोन चाकं आडवी बांधून चांगलं कमरेइतकं उंच केलं, त्याच्या खांबांखाली पाण्याच्या परळ्या ठेवल्या म्हणजे मुंग्या चढणार नाहीत, आणि तळाला बांबूच्या कामट्या एकेक बोट अंतराने बसवल्या म्हणजे लेंड्या खाली वांग्यांना पडतील. त्या वर्षीची वांगी खरोखर चांगली झाली. खाताना मी ती कथा विसरायचा प्रयत्न करायचो. पाचव्यात त्याने कुंभाराकडचे फुटके रांजण आणून आडवे मातीत अर्धे पुरले, वर ओलं तरट टाकलं, आणि ससे दुपारभर त्या गारव्यात झोपू लागले. सहाव्याला वर भाजक्या मातीचे कवेलू आणि त्याखाली वीतभर जागा सोडून गवताचं दुसरं छप्पर. ऊन कवेलूवर थांबायचं, खाली यायचं नाही.

सशांना हवं ते सगळं झालं होतं. तरी प्रत्येक खुराड्यातून बाहेर येताना पुंजाजीचं तेच, नडग्यांवर हात आणि "पाय बाहीर राह्यले."

"अहो, सशाला कुठे असतात एवढे लांब पाय?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"असतेत एखाद्याले," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सातव्या खुराड्यासाठी आवाराच्या टोकाला, अगदी रस्त्यालगत, खड्डे खणायला लागला. त्याची लांबी पाहून मी विचारलं, "आता काय हत्ती पाळणार?" तो पुढचा खड्डा खणू लागला.

त्याच सुमाराला घोटाळा झाला. वैशाखात आमच्या काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जातो. दोन ससे उकरत उकरत त्या भेगांमधून पलीकडे निघाले, आणि पलीकडे होती हरकिसनशेठची कापसाची वखार. पांढऱ्या कापसात पांढरे ससे. चार हमाल दिवसभर कापसात हात घालून फिरत होते आणि कापूस त्यांच्या हातातून पळत होता. ससे सापडेपर्यंत बराच माल लेंड्यांनी आणि मुताने नासला होता.

शेठ माणूस वाईट नव्हता, पण बाजाराला लागून असलेल्या त्या आवारावर त्याचा डोळा जुनाच होता. तो गावातल्या चार प्रतिष्ठितांना घेऊन फाटकात आला. पुंजाजीने पाचही जणांना आधी धोतरं झटकायला लावली. निवाडा करायला आलेली माणसं धोतर झटकू लागली की त्यांचा निम्मा रुबाब तिथेच गळतो.

शेठ म्हणाला, "पुंजाजी, तुझ्या सशांनी माझा माल नासवला. माझी मागणी सरळ आहे. शनिवारपर्यंत ससे हलव आणि आवार मला वखारीला दे. नुकसान मी विसरतो, वर भाडंही देतो."

त्या चौघांतले पाटील समजुतीने म्हणाले, "देऊन टाक ना बाप्पा. सारं गाव देऊन राह्यलं. तू काहून अडून बसला? ससेच त हायेत."

पुंजाजी सातव्या खुराड्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचा आवाज चढला. "सारं गाव देऊन राह्यलं म्हनूनच नाई देत! पाटील, नुकसान झालं थे खरं. म्हनून मी न्यायाचं बोलतो. शेठ, तुमचे हमाल ज्या वखारीत कापूस तुडवतेत, थ्यात तुमी भर दुपारी दार लावून बसा. मी माह्या खुराड्यात बसतो. तुमी जास्त वेळ बसले, त आवार तुमचं. मी जास्त बसलो, त पुन्हा या फाटकात जागा मांगाले यायचं नाई."

मी कपाळावर हात मारला. पण भोवती माणसं जमली होती, हसत होती, आणि हमाल तर डोळे विस्फारून शेठकडे पाहत होते. शेठला वखारीचा भारी अभिमान. "त्यात काय?" म्हणून त्याने पैज घेतली.

दुसऱ्या दिवशी निम्मी अमरावती त्या रस्त्यावर. पुंजाजी सहाव्या खुराड्यात शिरला, पाय नेहमीप्रमाणे बाहेर. शेठ पागोटं सारखं करून वखारीत गेला आणि हमालांनी दार ओढलं, जरा जास्तच उत्साहाने. ठिणगी आत जाऊ नये म्हणून त्या वखारीला खिडकी ठेवलेली नव्हती. मी तोंडात पान टाकलं. ते धड रंगलंही नव्हतं तेवढ्यात आतून दारावर धडाधड थापा पडू लागल्या. शेठ बाहेर आला तेव्हा भुवयांपासून मिशांपर्यंत कापूसच कापूस, आणि खोकला थांबेना. त्याला ओळखायला त्याच्याच मुनिमाला वेळ लागला.

पाणी पिऊन झाल्यावर शेठ हमालांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. आवार त्याचं." आठवडाभरात त्या वखारीला जाळीच्या दोन खिडक्या झाल्या. कापसाला हवा लागते, असं शेठ सगळ्यांना सांगायचा.

पैज संपली, लोक पांगले, पण पुंजाजी बाहेर येईना. उन्हं कलली तरी ते दोन पाय तसेच. मी खुराड्यापाशी बसलो आणि म्हणालो, "अहो, जिंकलात. या आता."

"मास्तर, शेठ किती वेळ बसला?"

"पान रंगेपर्यंतही नाही."

"सोन्या चार दिस चालला," आतून आवाज आला.

सोन्या कोण, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. गावाला ठाऊक होतं आणि गाव त्यावर बोलत नव्हतं. सोनाजी म्हणजे पुंजाजीचा एकुलता एक मुलगा, हे त्या संध्याकाळी त्याच्याच तोंडून कळलं. तेजीच्या पहिल्या वर्षी तो कापसाची गाडी घेऊन मुंबईला गेला आणि येताना टोपलीत दोन विलायती ससे घेऊन आला. पुढच्या वैशाखात पुन्हा गाडी भरायची होती.

"थो म्हने, बा, ऊन लय हाये, दोन दिस थांबतो. सशायले घर बांधतो, मंग जातो." पुंजाजी थांबत थांबत बोलत होता. "मी म्हनलं, कापसाचा भाव का तुह्यासाठी थांबन? ऊन काय, सारे सोसतेत, तूबी सोस. मी म्हनलं मास्तर. याच तोंडानं म्हनलं."

चौथ्या दिवशी वाटेत त्याला ऊन लागलं. आसपास झाड नव्हतं. बरोबरच्या गाडीवानांनी त्याला गाडीखालच्या सावलीत निजवलं, पण तो पुन्हा उठला नाही. परत आल्यावर त्यांनी बापाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"सोन्या उंच होता. माह्यापेक्षा हातभर. गाडीखाली सारा मावला नाई." मग तो म्हणाला, "पाय बाहीर राह्यले."

मी मास्तर. दिवसभर पोरांना बोलायला शिकवणारा. मी त्या तापलेल्या, भेगाळलेल्या पायांवर माझं उपरणं ओलं करून टाकलं आणि तिथेच रडलो. तो आत रडत होता की नाही, मला दिसलं नाही.

सातवं खुराडं पुढच्या पंधरवड्यात पुरं झालं. कवेलूचं छप्पर, खाली गवताचं दुसरं, रस्त्याच्या अंगाला दार, कडेला पुरलेले तीन रांजण आणि भोवती ओलं तरट. सशांवर सहा वेळा चुकून तो जे शिकला होता ते सगळं त्यात होतं, आणि ते तीन माणसं सहज निजतील एवढं लांब होतं. मग रोज दुपारी पुंजाजी भर रस्त्यात हात पसरून उभा राहू लागला. कापसाच्या गाड्या अडवायचा. "बैल सोड! कापूस थ्या बाजूनं, तू या बाजूनं!" गाडीवान शिव्या द्यायचे, भाव पडेल म्हणायचे, मालक रागावेल म्हणायचे. "तुह्या मालकाले इकडं पाठव," तो म्हणायचा. "त्यालेबी बसवतो." शेठची हकिकत वाटेवर पसरली होती. मालक कुणी आला नाही.

पहिल्या दिवशी थांबला तो अंजनगावकडचा एक उंचापुरा गडी, कपाळावर आठ्या घालूनच. पाणी प्याला, आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. मी कुंपणावरून, या वेळी धोतर सांभाळून, विचारलं, "काय पुंजाजी, सशाचा डोळा लागला का?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग वाकून त्या परक्या माणसाच्या पायांशी बसला आणि त्याच्या नडग्यांवर अलगद हात ठेवून पाहिलं.

"हळू बोला मास्तर," तो म्हणाला. "पाय आत हायेत."