गोविंदरावांची पिंडी

सतरंजीवरून उठायची वेळ झाली की गोविंदराव म्हणत, "चला, रस्सीखेच!" मग दोन पोरं या हाताला, दोन त्या हाताला लोंबकळत आणि आजोबा हुश्श करून उभे राहत. बडोद्यात गोत्रीच्या त्या सोसायटीत रोज संध्याकाळी त्यांचा गोष्टींचा आणि गणितांचा वर्ग भरे. रस्सीखेच पोरांना फार आवडे. गोविंदरावांना मुळीच नाही.

एकदा पोरांचे हात सुटले आणि आजोबा मागच्या मागे आपटले. लागलं काही नाही, पण मुलगा, उन्मेष, म्हणाला, "बाबा, दवाखान्यात दाखवून या. पायात जोर नसेल तर वर्ग बंद. उद्या हाड मोडलं म्हणजे?"

दवाखान्यात डॉक्टर कोमलबेननी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठबस करायला लावली, पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं, चालवून पाहिलं आणि शेवटी शिंप्यासारखी टेप काढून पोटरीला गुंडाळली.

"काका, स्नायू घटी गया छे."

"पण वजन तर रतीभर कमी नाही!"

"ए तो पोटाचं छे, काका! पण कसरत केली, बराबर खाल्लं, तर ताकद पाछी येते. मी घरी फोन करून समजावते हं."

घरी फोन म्हणजे वर्ग बंद.

फोन आला तेव्हा ते आंघोळीला गेले होते, उन्मेष आणि सून मोहना ऑफिसात. उचलला मोहनाच्या आईनं. कुसुमावतीबाई वाईहून नुकत्याच राहायला आल्या होत्या.

"गोविंदराव," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तुमची पिंडी म्हणे बारीक झालीय. दोन्ही वेळा दूध-दही द्या, माप घेत राहा, असा निरोप आहे. काय हो, बडोद्याचे डॉक्टर देव्हाराही तपासतात?"

गुजरातीत पिंडी म्हणजे पोटरी, हे जन्मापासून बडोद्यात राहिलेल्या गोविंदरावांना कोणी सांगायला नको होतं. पण विहीणबाईंची नजर देव्हाऱ्यातल्या महादेवाच्या पिंडीवर होती. देवच पावला!

"झिजते हो कधीकधी," ते म्हणाले. "उन्मेषला मात्र सांगू नका. उगाच काळजी करेल."

"नाही सांगत. पण अभिषेक तुम्हीच करायचा. घरातले कर्ते तुम्ही."

उन्मेषला 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगून गोविंदराव सुटले, आणि दुसऱ्या दिवसापासून अभिषेक सुरू झाला. "बसा. अगंबाई, तांब्या राहिला, उठा. बसा. फुलं राहिली, उठा." पाटावरून उठवेना, तेव्हा बाईंनी खुर्ची दिली. "पण हात टेकायचा नाही हं, सोवळं मोडतं." आधी अर्धी कळशी उचलायची, पुढे भरलेली. महादेवाला चमचाभर दूध, उरलेला पेला गोविंदरावांना तीर्थ म्हणून. दह्याची वाटी प्रसाद. दुपारी उसळीचा नैवेद्य.

"महादेवाला मटकीची उसळ?"

"आमच्या वाईला चालते."

स्वतःच थाप मारलेला माणूस विधीवर शंका घेणार कोणत्या तोंडानं?

गणपतीनंतर आलेल्या विहीणबाई दिवाळी आली तरी हलल्या नाहीत. खुर्ची जाऊन पुन्हा पाट आला. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "चला, दाखवून येऊ."

गोविंदराव धास्तावले. कोमलबेननी टेप गुंडाळली आणि ओरडल्याच, "वाह काका! पिंडी तो भराई गई!"

आता भांडं फुटणार! गोविंदरावांनी डोळे मिटून घेतले.

"ते भराय ज ने!" विहीणबाई अस्खलित गुजरातीत म्हणाल्या. "रोज कसरत करावती हती हुं!"

गोविंदरावांनी डोळे उघडले. "तुम्हाला गुजराती येतं?"

"वडील रेल्वेत होते. शाळा आणंदला झाली माझी."

"कधी बोलला नाहीत!"

"कधी विचारलंत? गावभरच्या पोरांना शिकवता, विहिणीची शाळा मात्र ठाऊक नाही. आणि पोटरीसाठी उठाबशा काढा म्हटलं असतं, तर काढल्या असत्यात?"



त्या संध्याकाळी विहीणबाईंच्या सांगण्यावरून उन्मेष मुद्दाम लवकर येऊन दारात उभा राहिला. वर्ग संपला. गोविंदराव सतरंजीवरून उठले. एकटे. उन्मेष पायातले बूट काढायचं विसरून बघत राहिला.

पोरांचे चेहरे मात्र पडले. "दादाजी, आज रस्साखेंच नथी?"

"आहे की!" गोविंदराव पाय रोवून म्हणाले. "खाली बसा सगळे. आजपासून मी ओढणार."