भूमिपूजनाचं मैदान

एका जंगलात, बाळांनो, जिकडे पाहावं तिकडे कातळ होता. बीळ खणावं अशी मऊ माती एकाच मैदानावर, आणि ते मैदान जंगलपालिकेचं. वर्षानुवर्षं रिकामं. दुकानाच्या काचेतली पैठणी कशी, सगळ्यांनी बघायची पण घडी कुणी मोडायची नाही, तसंच ते.

साळूबाई साळिंदर कातळाच्या कपारीत, कोल्ह्याच्या बिळात भाड्यानं राहायची. तिला दोन पिल्लं झाली आणि कोल्ह्यानं जागा खाली करून घेतली. पिल्लं टोचतात म्हणाला.

ती करवंदीच्या जाळीत आली. मग चळवळीतल्या टिटवीताईंनी तिला पुढं करून मोर्चा काढला. मागणी एकच, मैदानावर गरिबांना परवडतील अशी बिळं द्या. जंगलपालिकेचे अध्यक्ष रानडुकरराव स्वतः बाहेर आले. मागणी जागच्या जागी मान्य केली, नारळ फोडला आणि आपल्या सुळ्यांनी भूमिपूजनाचा खड्डा खणला. टाळ्या झाल्या, पेढे झाले. बिळं काही झाली नाहीत.

पुढच्या साली पुन्हा मोर्चा, पुन्हा मान्य, पुन्हा नारळ. खड्डा मात्र नवा. जुन्या खड्ड्यात फोटो चांगला येत नाही.

एकदा साळूबाईनं अशा एका खड्ड्यात डोकावलं. काहीही म्हणा, रानडुकररावांचं खणणं चोख. खड्डा खोल आणि कोरडा. तिनं आतून आणखी थोडं उकरलं आणि पिल्लं आणून ठेवली. जन्मात पहिल्यांदा ती पाय पसरून झोपली.

सकाळी अध्यक्ष हजर. शेजारच्या जंगलातले पाहुणे भूमिपूजनाला यायचे होते.

"साळूबाई, इथं गरिबांची बिळं व्हायची आहेत. तुम्हीच राहायला लागलात तर ती बांधायची कुठं?"

"साहेब, हेच की हो ते बीळ."

अध्यक्षांनी टिटवीताईंकडे पाहिलं. ताईंनी साळूबाईला बाजूला घेतलं.

"अगं, तुला घर मिळालेलं दिसलं तर उद्या मोर्चाला कोण येईल? चळवळीचा तरी विचार कर."

साळूबाईनं झोपलेली पिल्लं उचलली. खड्डा बुजवला गेला, आणि दुपारी पाहुण्यांच्या हस्ते तिथंच पुन्हा खणला गेला. ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणून साळूबाईला शाल आणि नारळ मिळाला. शाल अंगावर पडली तशी काट्यांनी तिची चाळण झाली. तीच छप्पर म्हणून करवंदीच्या जाळीवर टाकून ती पिल्लांसह खाली बसलीय.

तात्पर्य: रिकामी जागा गरिबांसाठीच असते, बाळांनो. गरिबांनी फक्त ती रिकामी ठेवावी.