तांबेऱ्याचा कायदेशीर रहिवास

समाज किती सुसंस्कृत आहे, हे तो आपल्या काटेरी झुडपांना कसं वागवतो यावरून ठरतं. या कसोटीवर आमचं ल्युंगहोल्ट अख्ख्या स्वीडनमध्ये वरच्या नंबरात यावं. वाल्फ्रिड म्हाताऱ्याच्या बांधावर बार्बेरीच्या काटेरी झुडपांचं जुनं कुंपण होतं. आमच्या वारसा समितीने वसंतात त्याला पितळी पाटी लावली. मी समितीचा चिटणीस. पाटीचे चारही स्क्रू मीच पिळले.

जुलैत शेजारच्या इंगेगर्डबाई आपल्या गव्हातून चालून आल्या, तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत विटकरी झाली होती. गव्हाच्या काड्यांवर फोड फुटले होते. तांबेरा! ही बुरशी आधी बार्बेरीच्या पानांवर वाढते आणि मग वाऱ्यावर बसून गव्हाकडे राहायला येते. बाई तडक कुंपणापाशी गेल्या.

"वाल्फ्रिड, तुझं झुडूप माझा गहू खातंय!"

"काहीतरीच काय! पाटी आहे त्याला. आणि चाळीस वर्षं याच्या फळांचा मुरंबा खातेस, तेव्हा नाही बोललीस?"

"आंबट होता मेला. शेजारधर्म म्हणून गिळला."

समिती बसली. (उपस्थिती नऊ, बिस्किटांचे प्रकार सात.) विचारांती असं निघालं, की बुरशी अर्धं आयुष्य संरक्षित कुंपणात काढते, म्हणजे ती गावची कायम रहिवासी. गहू मात्र दरवर्षी नव्याने येणारा. तेव्हा गव्हानेच हलावं, शक्यतो पिकण्याआधी.

"हलवू कुठे?" बाईंनी विचारलं.

"तो गव्हाचा खासगी प्रश्न," अध्यक्ष सिक्स्टेन मऊपणे म्हणाले.

बाई अर्धी कॉफी टाकून उठल्या. (आमच्याकडे याला दंगल म्हणतात.)

ऑगस्टच्या वाऱ्यात पोखरलेल्या काड्या मोडल्या आणि अकरा हेक्टर गहू आडवा झाला. नियमानुसार खोडाचा रोग उभ्या खोडांवरच मोजतात. उभी खोडं शून्य, रोगट खोडंही शून्य. गाव रोगमुक्त जाहीर झालं. टाळ्यांची नोंद मी केली.

वाल्फ्रिड बांधावर आला. बराच वेळ टोपी हातात धरून त्या आडव्या शेताकडे बघत राहिला.

"इंगेगर्ड, दोन मुठींची करवत आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. पण दुसरी मूठ मी धरणार."

दिवसभर दोघं कापत होती. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं. हात काट्यांनी रक्ताळले, पण भांडण एकदाही झालं नाही. संध्याकाळी कुंपणही गव्हाइतकंच आडवं होतं.

समितीने शांतपणे नवा ठराव केला: नवं बार्बेरीचं कुंपण आता इंगेगर्डबाईंच्या शेताच्या मधोमध लावावं, जागा आयतीच मोकळी आहे. आक्षेप मागवले. दोन आले, त्या दोघांचेच. ते वादातले पक्षकार, त्यामुळे बाद. कुणा तटस्थ माणसाचा एक आक्षेप आला असता, तरी ठराव पडला असता.

आपण तटस्थ. सगळं इथवर वाचलंत, एकदोनदा हसलातही. आक्षेप काही आला नाही. अनुमोदक म्हणून आपलं नाव मी घातलं आहे.