बिटाची पावडर आणि सहावा मजला

यंदा जिन्याची शर्यत मीच मारणार, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं! आमच्याकडे दरवर्षी सहा मजले चढायची शर्यत असते. जिंकणाऱ्याला वर्षभर खिडकीजवळचं टेबल. माझं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराला खेटून. येणारा-जाणारा "आत कोणी आहे का हो?" असं मलाच विचारतो! आठ वर्षं ही चौकशी सांभाळतोय, आता पुरे!

माझी सगळी भिस्त पावडरीवर होती. गुडघ्याच्या सुजेवर हळदीच्या गोळ्या आणि दम टिकावा म्हणून बिटाची पावडर. दुकानदाराने बजावलं होतं, "बीट घेतल्यावर चूळ भरू नका. खरं काम तोंडातच सुरू होतं."

"अहो, तोंड बघा आरशात! निदान दात तरी घासा," बायको म्हणाली.

"नियम म्हणजे नियम!" मी म्हणालो आणि लालभडक हसलो.

शर्यतीत बाकीचे दुसऱ्या मजल्यावरच गळाले. उरलो मी आणि आमचा कॅशियर. हा गडी एरवी खुर्चीतून उठत नाही, म्हणून सगळे त्याला 'आरामखुर्ची' म्हणतात. चौथ्या मजल्यावर मी पुढे होतो, पण पाय बोलायला लागले. म्हणून मी खिशातली पुडी काढून चमचाभर पावडर कोरडीच तोंडात टाकली. तिथेच घोळ झाला! पावडर टाळ्याला चिकटली, जोरात ठसका लागला आणि मागून आलेल्या कॅशियरच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर लाल फवारा उडाला.

"अरे बापरे, रक्त!" तो ओरडला.

"बी... बी..." मला 'बीट' म्हणायचं होतं हो!

"बीपी? बीपी वाढलंय?"

मी नाही-नाही म्हणून हात हलवला. त्याला वाटलं, मी निरोप घेतोय!

"असा जाऊ नकोस रे! मी आहे ना!" म्हणत त्याने मला पाठुंगळीला घेतलं आणि सुटला! ऑफिसच्या नर्सबाईंची खोली सहाव्या मजल्यावर होती. दोन मजले त्याने असे काही पार केले, की माझी चप्पल पाचव्यावरच राहिली.

नर्सबाईंनी माझं तोंड उघडून वास घेतला. "बीट आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता कॅशियर मला खिडकीतून खाली टाकणार. पण त्याने डोळे पुसत मला मिठीच मारली! खरं सांगतो, फार बरं वाटलं. एवढा जीव लावणारा माणूस चार टेबलं सोडून बसतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

पण टेबलाचं काय? मी शर्यतीच्या परीक्षक बाईंना गाठलं. "बाई, दोघं एकदमच वर पोचलो! सहा-सहा महिने वाटून द्या!"

बाईंनी चष्मा सारखा केला. "तुम्ही त्यांच्या पाठीवर होतात ना?"

"हो."

"म्हणजे पाठीमागेच की! दुसरा नंबर."

घरी बायकोने विचारलं, "काय, झाला का पावडरीचा उपयोग?"

"झाला तर! जिन्याचा विक्रम मोडला!"

कोणी मोडला, हे तिने विचारलं नाही. मी आपला दात घासायला गेलो.