व्हिएतनामी कॉफी, स्टीलच्या पेल्यात

लेक अक्षरा दीड वर्षाची झाली त्या दिवशी शाल्मलीने ठरवलं, की आता एक तरी कॉफी गरम असताना प्यायची. (गेल्या दीड वर्षात तिने प्यायलेली प्रत्येक कॉफी मायक्रोवेव्हच्या तीन फेऱ्या करून आलेली होती.) आणि प्यायचीच तर साधी कशाला? नवरा ध्रुव ऑफिसच्या कामाने हनोईला गेला होता तेव्हा त्याने एक फिन आणलं होतं. फिन म्हणजे बुडाला भोकं असलेलं इवलंसं भांडं. बंगळुरात सर्जापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते वर्षभर धूळ खात पडलं होतं.

व्हिडिओतल्या बाईने सगळं सोपं करून सांगितलं होतं. ग्लासच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्क, वर फिन, त्यात कॉफी, कॉफीवर स्क्रूची चकती, वरून उकळतं पाणी. मग थेंब थेंब पडताना शांतपणे बघत बसायचं. म्हणून ग्लास काचेचा हवा. पण अक्षरा चालायला लागल्यापासून घरातले काचेचे ग्लास माळ्यावर गेले होते. शाल्मलीने अक्षराचाच स्टीलचा पेला घेतला. सांडलवंड नको म्हणून स्क्रूही दोन्ही हातांनी करकचून आवळला. ओट्यावरच्या त्या थाटाचा फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला आणि ती शांतपणे बघत बसली. (स्टीलच्या आरपार जेवढं दिसतं तेवढं.)

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात डिलिव्हरीवाला. त्याला ओटीपी हवा, ओटीपी फोनमध्ये, फोन सापडेना. सगळं उरकून ती परत येते तो काय! अक्षरा जमिनीवर फतकल मारून बसलेली, पेला तोंडावर उपडा, हनुवटीवर चिकट ओघळ.

"ध्रुव! हिला पेला कुणी दिला?"

"मी दिला," हेडफोन बाजूला सारत ध्रुव म्हणाला. "मीटिंगमध्ये होतो, ही रडत होती. तिचाच पेला दिसला. वरचं ते झाकण ठेवलं बाजूला आणि दिला. दूध होतं ना?"

"कॉफी होती! चार चमचे! एकदम कडक!"

ध्रुवचा चेहरा उतरला. अक्षरा उठली आणि सोफ्याभोवती गरागरा धावू लागली. (ती रोजच धावते, पण त्या क्षणी हे आठवायची सवड कुणाला होती?) शाल्मलीने डॉक्टर सुप्रीतांना फोन लावला.

"नेमकी किती प्यायली?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळी!"

"सगळी म्हणजे किती?"

शाल्मलीने पेला उचलून आत डोकावलं. आपण आई व्हायलाच नको होतं, एवढंच तिच्या मनात येत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आधी बघून सांगा, आणि लगेच तिला घेऊन निघा."

ध्रुव गाडीची किल्ली शोधत असतानाच शेजारच्या रत्नाबाई आत आल्या. त्यांचं घराणं बंगळुरात कैक पिढ्यांचं आणि कॉफीचा फिल्टर जवळपास तितकाच जुना.

"काय झालं गं? लिफ्टपर्यंत ऐकू येतंय."

"अक्का, हिने माझी कॉफी प्यायली!"

रत्नाबाईंनी ओट्यावरचं फिन उचललं, तळहातावर तोललं, झाकण काढून आत बोट बुडवलं.

"पाणी तर सगळं वरच आहे की. गार पडलंय. एक थेंब खाली उतरलेला नाही. स्क्रू कुणी आवळला हा? पंक्चरवाल्यानं?"

"म्हणजे..."

"म्हणजे पोरीनं नुसतं गोड दूध चाटलं. आमच्या फिल्टरची चकती पण दाबतात, पण स्वल्प. तू तर गळाच दाबलास त्या कॉफीचा!"

शाल्मलीने अक्षराला धरून तिच्या तोंडाचा वास घेतला. नुसतं दूध आणि साखर. ती एकाच वेळी रडू-हसू लागली. डॉक्टरांना कळवलं. त्या म्हणाल्या, "छान. मूल मोठं होईपर्यंत कॉफी अशीच करत जा."

रत्नाबाईंनी घरून वाफाळती फिल्टर कॉफी आणून दिली. शाल्मलीने ती दीड वर्षात पहिल्यांदा गरमागरम प्यायली, तीही उभ्याने, हात उंच धरून, कारण पायाशी अक्षरा रिकामा पेला नाचवत होती.

तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन आला.

"फोटो पाहिला गं. कशी झाली कॉफी? अक्षराला नाही ना दिलीस?"

"छे हो आई," शाल्मली म्हणाली, "कुणालाच नाही दिली."